तीन सेकंदांची जागा

आक्काला जाऊन तेरा दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी मी क्लास उघडला. शिवाजी पेठेत असली गोष्ट लपत नाही. खालच्या मजल्यावरच्या बयाबाईंनी मला जिन्यातच गाठलं.

"इतक्यात सुरू केलासा व्हय?"

"शनिवारी एका मुलीची परीक्षा आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं आणि "बरं बाई" म्हणून आत गेल्या.

मी फ्रेंच शिकवते. कोल्हापुरात. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, त्यानं पोट भरतं का? भरतं. घशातून 'र' काढा म्हटलं की आमची पोरं खाकरतात, पण शिकतात. मी लग्न केलं नाही, दोन खोल्यांचं घर आहे, बाहेरच्या खोलीत क्लास आणि आतल्या खोलीत मी. मागची तीन वर्षं आत आक्काही होती. माझी थोरली बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. भावजी गेले, एकुलती लेक स्वप्नाली लग्न होऊन गगनबावड्याला गेली, तेव्हा कोडोलीच्या घराला कुलूप लावून ती माझ्याकडे आली. महिन्यातून एकदा घर झाडायला म्हणून कोडोलीला जायची. मार्चमध्ये अशीच गेली आणि झाडून झाल्यावर उंबऱ्यात बसली ती उठलीच नाही. दुपारचे बारा वाजले होते. केरसुणी मांडीवरच होती म्हणे.

मी रडले नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. रडू आलं नाही, एवढंच.

कोडोलीत मयताच्या घरी बायका येतात त्या गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत येतात. "माज्या आक्का गंऽऽ, कशी गेलीस गंऽऽ." नवा घोळका आला की घरातल्या बाईनं पुन्हा त्यांच्या गळ्यात पडायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. मी दाराला टेकून उभी राहिले. ऐकत होते आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल तर हे, की बघ, सगळं वजन ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आहे आणि तेवढंच अक्षर लांबलंय. सख्ख्या बहिणीच्या मयतात मला उच्चाराचा धडा आठवला. त्याचीही लाज वाटली नाही. भूक मात्र वेळेवर लागत होती.

आमच्या चुलत घरातल्या झुंबरबाई ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "शिकून शिकून डोळं पार कोरडं पडलं हिचं."

बारावा झाला आणि स्वप्नाली गगनबावड्याला परत निघाली. गाडीत बसताना तिनं माझा हात धरला. तिचं रडून रडून नाक लाल झालं होतं.

"मावशी, आईचा आवाज हाय का गं तुझ्याकडं?"

"आवाज?"

"फोटो हाईत ढीगभर. आवाज न्हाय. तिचा फोन बटणाचा. माज्या लग्नाच्या व्हिडिओत आई दोनदा दिसती, तोंड हालतंय, बोलती कायतरी कुणाला, पण त्या शूटिंगवाल्यानं वरनं गाणं घातलंय." तिनं नाक पुसलं. "तीन वर्सं तुज्याकडं ऱ्हायली की. तू तर रोज मोबाईलवर रेकॉर्ड करत असतीस. कुठंतरी असंलच."

"असेल की," मी म्हटलं. "बघते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. मी तिच्याकडे न बघता गाडीचं दार लावलं. आक्काचा आवाज माझ्याकडे होता. खूप होता. आणि तो मी माझ्या हातानं, एकेक तुकडा करून, पुसून टाकला होता.

ते असं. मुलांना सरावासाठी मी फायली बनवते. मी एक शब्द म्हणते, मग तीन सेकंद मोकळी जागा सोडते, त्यात मुलानं तो शब्द म्हणायचा, मग पुढचा शब्द. दुपारी दोन ते तीन पेठ जरा सुस्तावते, हॉर्न कमी होतात, तेव्हा मी आत स्वयंपाकघरात टेबलावर मोबाईल ठेवून बसायची. समोर आक्का लसूण सोलत. मी शब्द म्हटला की जागा यायची आणि ती जागा आक्का भरायची. अगदी हळू, हातातलं काम चालू ठेवून, पण भरायचीच.

"आक्का, ती जागा पोरांसाठी आहे गं."

"पोरं कुठं हाईत हितं?" ती म्हणायची.

चौथीनंतर शाळा सोडलेली बाई. तिला एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नव्हता. मी चिडायचे, मग संध्याकाळी बसून तिचा प्रत्येक शब्द कापायचे आणि तिथं कोरी शांतता घालायचे. मोबाईल भरतो म्हणून मूळ फाइल पुसून टाकायचे. कामात मी फार चोख आहे, ही माझी जुनी खोड. तीन वर्षांत बेचाळीस फायली झाल्या.

कोडोलीहून आल्यावर मी त्या बेचाळीसच्या बेचाळीस ऐकल्या. सगळ्या स्वच्छ. एकीत फक्त लसणाची वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज राहून गेला होता. तो मी तीनदा ऐकला. स्वप्नालीचे दोन मेसेज येऊन पडले होते, "सापडला का?" मी "शोधतेय" असं लिहिलं. काही वाटत नव्हतं, पण तिला खरं सांगायची वेळ आली की हात थांबत होता.

अशा अवस्थेत चौदाव्या दिवशी अर्शी आली.

अर्शी म्हणजे रफिकभाईंची मुलगी. रफिकभाई पेठेतल्या फुटबॉल संघांच्या जर्सी शिवतात. अर्शी नर्स आहे आणि तिला बेल्जियममधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळायची आहे, पण त्यासाठी पुण्यात फ्रेंचची तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. फेब्रुवारीत ती नापास झाली होती. परीक्षकानं लिहून दिलं होतं, की ही मुलगी प्रत्येक शब्द वेगळा ठोकते, बोलणं वाहत नाही. नंतरचे दोन महिने ड्युटीमुळे तिला येता आलं नाही, घरीच सराव चालला होता. शनिवारी दुसरी आणि शेवटची संधी.

"तुमच्या बहिणीचं कळलं," ती दारातच म्हणाली. "अब्बा म्हणत होते, इतक्यात जाऊ नको."

"बस. वही काढ. जोडनामं घेऊ."

जोडनामांत आपली मंडळी हमखास आपटतात. आपण मराठीत जोडशब्दातले दोन्ही शब्द उभे करतो, दोघांनाही मान देतो. फ्रेंचमध्ये तसं नसतं. दोन शब्द जोडले की पहिला आपलं वजन सोडून देतो आणि सगळं वजन अगदी शेवटच्या अक्षरावर जाऊन बसतं, ते जरासं लांबतं. आणि तुकडे पाडायचे ते कागदावर शब्द तुटतो तिथं नाही, जीभ तोडेल तिथं. इंद्रधनुष्याचा शब्द लिहिताना आर्क, आं, स्येल असा तीन शब्दांचा दिसतो. बोलताना तो आर्-कां-स्येल होतो. पहिल्या शब्दाचा 'क' आपलं घर सोडून शेजारच्या घरात राहायला जातो. हे मी वीस वर्षं टेबलावर बोट आपटून शिकवतेय. बहुतेकदा पालथ्या घड्यावर पाणी.

"दुपार," मी म्हटलं.

"आप्रेमिदीऽऽ," अर्शी म्हणाली.

मी बोट आपटायचं थांबवलं. चार तुकडे नीट पडले होते, मधे कुठं ठोकलं नव्हतं, आणि शेवटचा 'दी' लांब ओढला होता.

"आजी."

"ग्राँमेऽऽर."

"बटाटा."

"पॉमदतेऽऽर."

शब्द वाहत होते. पण शेवट भलताच ओढलेला. माझं डोकं उगीच तापायला लागलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं तर ते हे.

"फुलकोबी," मी म्हटलं.

अर्शी अडखळली. "शू... फ्लर." दोन खिळे ठोकावेत तसं. जुनी अर्शी परत आली.

"तळमजला."

"रे... द... शोसे." तेच.

"इंद्रधनुष्य?"

"आर्कांस्येऽऽल," पुन्हा वाहतं, पुन्हा ओढलेलं.

"हा हेल कुठून आणलास?" मी जोरातच म्हणाले. "शेताच्या बांधावरून हाका मारतेस का कुणाला? मी असं शिकवलंय?"

पोरगी घाबरली. "मॅडम, फाइलमधी तसंच हाय की."

"माझ्या फाइलमध्ये असलं काही नसतं."

"तुम्ही न्हाई म्हणत तसं. त्या दुसऱ्या मॅडम म्हणत्यात."

"कोण दुसऱ्या मॅडम?"

"त्या तुमच्या मागनं म्हणत्यात की. तुम्ही आधी म्हणता, मग त्या बरोबर करून सांगत्यात."

तिला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तिनं आणखी समजावून सांगितलं. "जानेवारीत तुम्ही घाईत एक फाइल पाठवलीसा बघा, माझी परीक्षा जवळ आलती म्हणून. म्हणालासा, कच्चीच पाठवतेय, आवाज येतील मधे. मला वाटलं त्या तिकडच्या असतील. फ्रान्सच्या. तुम्ही म्हणाल्यावर त्यांनी तपासून म्हणायचं, अशी पद्धत असंल. त्या मधेच मराठी पण बोलल्यात. तर मी अब्बांना ऐकवलं, म्हटलं बघा, फ्रान्सच्या बाईचं मराठी किती झ्याक हाय. एकदम आपल्यासारखं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "आहे का ती फाइल?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

"हाय की. फेब्रुवारीत नापास झाल्यावर रोज तीच लावती. जर्सीचे दोरे कापताना कानात घालून बसती."

मी जानेवारीत ती पाठवली होती हे विसरूनच गेले होते, आणि पाठवल्यावर सवयीनं माझ्याकडची पुसली होती. अर्शीनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि फाइल लावली.

आधी मी. "आप्रेमिदी." कोरडा, पुस्तकातला आवाज. मग लसणाच्या सालीची चुरचुर, आणि आक्का. "आप्रेमिदीऽऽ."

तिच्यात घाई नव्हती. सगळी अक्षरं हलकी ठेवून शेवटच्याला ओढायचं. रानात असताना ती भावजींना अशीच हाक मारायची, उसाच्या पल्याड पोचायला हवी म्हणून शेवट लांबवायची. मी तिच्यासमोर तीन वर्षं बसले आणि तिला फक्त कापत राहिले. खरं सांगायचं तर फ्रेंचमधलं शेवटचं अक्षर आक्काइतकं लांब नसतं. पण माझं जितकं तोकडं आहे तितकंही नसतं. दोघींत ती जवळ होती. चौथी पास बाई, नुसत्या कानावर.

"ग्राँमेर." "ग्राँमेऽऽर."

"पॉमदतेर." "पॉमदतेऽऽर. म्हंजे काय गं अनू?"

माझा आवाज, बारीक आणि वैतागलेला. "बटाटा. आक्का, गप बस की जरा! रेकॉर्डिंग चालू आहे. किती वेळा सांगायचं तुला? सगळं पुन्हा कापत बसावं लागतं मला."

मग काही नाही. लसणाची चुरचुरही थांबली.

"शूफ्लर," मी म्हटलं होतं. तीन सेकंद कुणी बोललं नाही.

"रेदशोसे." पुन्हा तीन सेकंद. खाली रस्त्यावरून रिक्षा गेली, ती ऐकू आली.

"हितं तुम्ही त्यांना रागावलाय," अर्शी हळू आवाजात म्हणाली. "मग त्या दोन शब्दांला त्या बोलल्याच न्हाईत. म्हणून मला ते दोन येत न्हाईत."

"आर्कांस्येल," फाइलमधली मी म्हणाले. आणि जागा आली. एक सेकंद गेला. आणि मग आक्का, इतकी हळू की मोबाईल कानाला लावावा लागला. "आर्कांस्येऽऽल."

तिथून पुढं ती शेवटपर्यंत बोलत होती. सगळी मिळून फाइल अकरा मिनिटांची.

मी अर्शीला म्हटलं, ही मला पाठव. तिनं पाठवली. मी ती स्वप्नालीला पाठवायला घेतली आणि हात सवयीनं कापायच्या कामाला लागला. माझं ते ओरडणं आठ-नऊ सेकंदांचं होतं. काढायला दोन मिनिटंही लागली नसती, आणि ते काढलं असतं तर कुणाला कधी कळलंही नसतं की मी माझ्या बहिणीला माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, गप बसवलं होतं. बोट तिथं होतं. पण ते काढलं तर आक्का ते दोन शब्द का बोलली नाही हे कुणाला कळणार? आणि मग परत का बोलली, तेही. मी फाइल आहे तशी पाठवली.

अर्शी वहीत मान घालून बसली होती. अकरा मिनिटांच्या थोडं नंतर स्वप्नालीचा फोन आला. 

"तू तिला गप का केलंस गं, मावशी?"

"केलं खरं," मी म्हटलं.

"गप केलंस तरी बोलली की परत." आणि ती रडता रडता हसली. "आईच ती. कुटली गप बसतीया."

फोन ठेवल्यावर मी अर्शीकडे बघितलं. तिची परीक्षा शनिवारी होती आणि तिला दोन शब्द येत नव्हते.

"लाव परत," मी म्हटलं. "आणि तू तसंच म्हण. त्या म्हणतात तसंच. फक्त ओढणं थोडं कमी कर. बाकी तेच बरोबर आहे."

"मग हेल चालंल?"

"चालेल. माझ्यापेक्षा बरा आहे."

तिनं फाइल लावली. दुपार, आजी, बटाटा. म्हंजे काय गं अनू. मग माझं ओरडणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मी मान खाली घालून ऐकलं. मग "शूफ्लर" आणि मोकळी जागा.

त्या जागेत मी म्हणाले, "शूफ्लऽऽर."

आक्कासारखं म्हणायला गेले. शेवट लांबवला आणि तो मला थांबवता येईना. तो शब्द संपून गेला तरी आवाज येतच राहिला, घशातून, कोडोलीच्या गल्लीच्या तोंडाशी बायका काढत होत्या तसा, आणि त्यात मग "आक्का गं" आलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते थेट वहीवर पडलं. मला तिची इतकी आठवण आली की बसवेना. खाली बयाबाईंना ऐकू गेलं असणार. जाऊ दे गेलं तर.

अर्शीनं फाइल थांबवली नाही. कदाचित तिला सुचलं नाही. टेबलावर मोबाईलमधून माझा कोरडा आवाज आला, "रेदशोसे," आणि पुन्हा ती रिकामी जागा आली. मला बोलता येण्यासारखं नव्हतं. मी तिला हातानं खूण केली, तू म्हण.

"रेदशोसेऽऽ," अर्शी म्हणाली. बरोबर म्हणाली.